दुसऱ्या हंगामात आम्ही का जिंकलो

नगरच्या बास्केटबॉल संघाचा मी तीन हंगाम असिस्टंट कोच होतो. पहिल्या हंगामात आम्ही सगळ्यात खाली राहिलो, दुसऱ्यात लीग जिंकलो आणि तिसऱ्यात पुन्हा तळाला गेलो. तिन्ही वर्षं खेळाडू जवळपास तेच होते, हॉल तोच, सरावाची वेळही तीच. अजून कुणी भेटलं की विचारतं, "सर, त्या वर्षी काय केलं होतं तुम्ही?" मी काहीतरी उत्तर देतो. दर वेळी वेगळं देतो, आणि देताना मला ते खरंही वाटतं.

मी मूळचा शाळेतला पी.टी.चा मास्तर. नेवाशात सव्वीस वर्षं नोकरी झाली. खो-खो, कबड्डी तिथं आधीपासून होती. बास्केटबॉलचं कोर्ट मात्र मी मुलांना हाताशी धरून आखलं, चुन्याच्या पट्ट्या मारून. रिंग गावातल्या वेल्डरकडून करून घेतली. ती मापापेक्षा लहान झाली होती, हे आम्हाला पहिल्यांदा जिल्ह्याला खेळायला गेलो तेव्हा कळलं. आमच्या पोरांना तिथली रिंग विहिरीएवढी वाटली आणि आम्ही ती स्पर्धा जिंकलो. त्या एका जिंकण्याचं कारण मला पक्कं माहीत आहे.

मी निवृत्त झालो त्याच वर्षी नगरच्या एमआयडीसीतल्या एका कारखानदारांनी नव्या व्यावसायिक लीगमधला एक संघ घेतला. देशभरातून खेळाडू निवडून आणले. हेड कोच दक्षिणेकडचे, वयानं माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, हातात कायम टॅबलेट. त्यांना मराठी येत नव्हतं आणि हिंदीही मोडकी. म्हणून मालकांना इथला, खेळ कळणारा एक माणूस हवा होता. कुणीतरी माझं नाव सुचवलं. हेड कोच मला मास्टरजी म्हणत. मी रोज सकाळी एसटीनं नेवाशाहून नगरला जायचो आणि दुपारचा सराव आटोपून संध्याकाळी परत यायचो.

खेळाडूंची नावं मी इथं लिहीत नाही. तेव्हाही आम्ही एकमेकांना गावावरूनच हाका मारायचो. पंजाबी होता, तो बुटका आणि विजेसारखा, चेंडू पुढे घेऊन यायचं काम त्याचं. केरळी सगळ्यात उंच, बास्केटखाली उभा राहायचा. आणि एक काष्टीकर होता. श्रीगोंदा तालुक्यातल्या काष्टीचा, आपल्याच जिल्ह्यातला एकटा. तेहतीस-चौतीस वर्षांचा, फौजेच्या संघातून खेळून आलेला, गुडघे झिजलेले. मालकांना पोस्टरवर एक नगरचा चेहरा हवा होता, म्हणून त्याला घेतलं असं सगळे म्हणायचे. तोही म्हणायचा.

पहिला हंगाम आठवला की मला माझाच आवाज आठवतो. मी बाजूच्या रेषेवर उभा राहून ओरडायचो. "हात वर! मागे ये! बघतोस काय!" शाळेच्या मैदानावरची सवय. आम्ही हरत गेलो. बरेचसे सामने शेवटच्या दोन मिनिटांत हरलो. पहिल्या सामन्याला हॉल भरला होता, कारण मालकांनी कारखान्याला अर्ध्या दिवसाची सुट्टी दिली होती. नंतर नंतर प्रेक्षकांमध्ये खेळाडूंचे घरमालक, संघाचे डॉक्टर आणि समोरच्या संघाची माणसं एवढीच असायची. हंगाम संपला तेव्हा हेड कोच मला म्हणाले की आपला संघ वाईट नाही, आकडेही तेच सांगतात. मला आकडे कळत नव्हते, पण ऐकून बरं वाटलं.

दुसऱ्या हंगामाआधी मालक काहीतरी मोठे बदल करतील असं वाटलं होतं. त्यांनी काहीच केलं नाही. नवा खेळाडू घेतला नाही, जुना काढला नाही. आम्ही पहिला सामना बाहेरगावी जिंकलो. दुसरा घरच्या हॉलमध्ये जिंकलो. तिसरा हरलो, तेव्हा मला हायसं वाटलं, कारण आता सगळं ओळखीचं झालं होतं. मग आम्ही लागोपाठ सहा जिंकलो.

त्या दिवसांत मी संघाच्या बसमध्ये बसून एकेकाकडे पाहायचो. पंजाबी तसाच चिडका होता. केरळ्याचे फ्री थ्रो तसेच चुकत होते. तरी शेवटच्या दोन मिनिटांत आता चेंडू आमच्याकडे यायचा. मी हेड कोचना विचारलं, "आपण काय वेगळं करतोय?" ते टॅबलेट उघडून बराच वेळ बघत बसले आणि म्हणाले, "डिफेन्स." दोन दिवसांनी पुन्हा विचारलं तेव्हा म्हणाले, "रिबाउंड."

अंतिम सामन्यात शेवटची बारा-पंधरा सेकंदं उरली होती आणि आम्ही एका गुणानं मागे होतो. पंजाबी आत घुसला आणि पडला. पडता पडता त्यानं चेंडू वर फेकला, तो रिंगला लागून बाहेर आला. खाली पाच-सहा हात होते. कुणाच्या तरी बोटाला लागून चेंडू परत वर गेला, रिंगवर दोनदा फिरला आणि आत पडला. भोंगा वाजला. फलकावर ते दोन गुण पंजाब्याच्या नावावर लागले, आणि तो त्या वेळी जमिनीवर बसलेला होता. नंतर केरळी म्हणाला की बोट त्याचं होतं. समोरच्या संघाचा एक खेळाडू हात मिळवताना मला म्हणाला की ते त्याचं होतं. मी पुढं होऊन पाहिलं होतं, अगदी समोरून, आणि मला सांगता येणार नाही.

नगरमध्ये आमची उघड्या जीपमधून मिरवणूक निघाली. मला फेटा बांधला होता, तो सारखा डोळ्यांवर यायचा. लोक हात हलवत होते, त्यांतल्या बऱ्याच जणांना आम्ही क्रिकेटवाले वाटत होतो. हिला, म्हणजे माझ्या बायकोला, मी घरी आल्यावर म्हटलं, "जिंकलो गं." ती म्हणाली, "पाहिलं मी मोबाइलवर. पण तुम्ही असे हरवल्यासारखे का दिसत होता?"

मग तिसऱ्या हंगामाची तयारी सुरू झाली. संघाचा पुण्याचा मॅनेजर होता, तो एका सकाळी हेड कोचना आणि मला घेऊन टेबलाशी बसला. एक तरुण खेळाडू मिळतोय, चांगला आहे, त्याच्यासाठी एक जागा रिकामी करायची आहे, असं म्हणाला. हेड कोच माझ्याकडे वळले. "मास्टरजी, तुम्ही सांगा." माझ्यापुढे एक कागद होता. त्यावर प्रत्येक खेळाडू किती मिनिटं खेळला ते लिहिलेलं होतं. सगळ्यात कमी मिनिटं काष्टीकराची होती. मी त्याचं नाव घेतलं. नाव घ्यायला मला दोन सेकंदंसुद्धा लागली नाहीत. कागदात जे होतं तेच मी वाचून दाखवलं, असं मी पुढे कितीतरी दिवस स्वतःला सांगत होतो.

त्याला सांगायचं कामही माझ्याकडेच आलं. हॉलच्या मागे लिंबाखाली तो बूट घालत होता. मी म्हटलं, "या वर्षी तुझं जमत नाहीये." तो म्हणाला, "बरं सर." आणि बुटाची नाडी सोडायला लागला. नुकतीच बांधली होती ती.

तिसऱ्या हंगामात आम्ही पहिले पाच सामने हरलो. नवा मुलगा खरोखर चांगला खेळायचा, त्याच्यात खोट काढता येत नव्हती. तरी काहीतरी निसटत होतं. पंजाब्याला बाहेर काढलं की तो टॉवेल आपटून बेंचच्या टोकाला जाऊन बसायचा आणि परत आत पाठवलं तरी त्याचा राग त्याच्या पासमध्ये दिसायचा. आधीच्या वर्षीही तो असाच चिडायचा. मग तेव्हा त्याचा राग कुठे जायचा? हा प्रश्न मला पहिल्यांदा चौथ्या सामन्यात पडला, आणि मी बेंचकडे पाहिलं. तिथे काही विशेष नव्हतं. माणसं बसली होती.

मालक दरवर्षी हंगामाच्या सुरुवातीला सगळ्या संघाला शनिशिंगणापूरला नेत. खेळाडू तेल वाहायला जात, मी बसमध्ये बॅगा सांभाळत बसायचो. आजोबांनी बाबासाहेबांच्या मागे धम्म घेतला तेव्हापासून आमच्या घरात देवळात जाणं नाही. मालकांना ते माहीत होतं आणि त्यांनी कधी आग्रह केला नव्हता. पाच सामने हरल्यावर मात्र ते पुन्हा सगळ्यांना घेऊन निघाले आणि बसच्या दारात मला म्हणाले, "मास्तर, या वेळी तुम्ही पण चला की." आवाजात जबरदस्ती नव्हती. विनंतीच होती. मी गेलो. बाटलीतलं तेल ओतलं. हात जोडले की नाही, ते नीट आठवत नाही.

घरी येऊन हिला सांगितलं. ती मेथी निवडत होती. निवडता निवडता तिनं विचारलं, "तुम्हाला वाटलं म्हणून गेलात, की त्यांना वाटलं म्हणून?" मी म्हटलं, "संघासाठी गेलो." ती म्हणाली, "ते मी विचारलं नाही." भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोकडे मी दोन-तीन दिवस सरळ पाहिलं नाही. त्यानंतरचा सामना आम्ही एवढ्या फरकानं हरलो की मालक तिसऱ्या क्वार्टरलाच उठून गेले.

हंगाम संपला आणि मालकांनी संघ दुसऱ्या राज्यातल्या कुणाला तरी देऊन टाकला. संघाचं नाव बदललं, रंग बदलला. पंजाबी, केरळी आणि नवा मुलगा तिकडे गेले. मी घरी आलो.

घरी रिकामा होतो, म्हणून दुसऱ्या हंगामाचे सामने पुन्हा पाहायला घेतले. मॅनेजरनं सगळी चित्रणं पेन ड्राइव्हवर दिली होती. रोज सकाळी चहानंतर एक सामना. मला काष्टीकर बघायचा होता. तो बेंचवर काय करत होता, कुणाशेजारी बसत होता, टाइमआउटला कुणाशी बोलत होता, एवढंच. पण कॅमेरा चेंडूमागे फिरतो. बेंच त्यात येतच नाही. सगळ्या सामन्यांत मिळून तो मला दोनदा दिसला. एकदा चौकटीच्या कडेला नुसते गुडघे, त्यांवरच्या पट्ट्यांवरून ओळखले. दुसऱ्यांदा टाइमआउटच्या घोळक्यात त्याची पाठ.

शेवटी मी काष्टीला गेलो. बाजाराचा दिवस होता. रस्त्यावर बैल, शेळ्या आणि टेम्पो यांच्यातून वाट काढत त्याचं दुकान शोधलं. जनावरांच्या पेंडीचं दुकान होतं. शटरखाली वाकून तो बाहेर आला, मला पाहून थबकला आणि मग पायाला हात लावायला वाकला.

"तुमी एवढ्या लांब कशाला आलात सर? फोन केला असता तर मीच आलो असतो नेवाशाला."

त्यानं पोत्यांवर सतरंजी टाकून मला बसवलं. गल्ल्यावर त्याची बायको होती, तिनं चहा मागवला. मी सरळ विचारलं, "दुसऱ्या सीझनला तू बेंचवर काय करायचास?"

"मी? मी तर बसूनच हुतो सर."

"बसून काय करायचास?"

तो विचारात पडला. परीक्षेला बसल्यासारखा. "काय न्हाई. टॉवेल द्यायचो. पंजाब्याला बाहेर काढलं की लई राग यायचा, मंग त्याच्याशी शेतीच्या गप्पा मारायचो. त्यांच्याकडं गहू, आपल्याकडं ऊस. पान्याच्या पाळ्या कशा, मजुरी कशी, आसंच. तेवढ्यात त्याला परत आत बोलवायचे."

"आणि केरळी?"

"त्याच्याशी काय बोलनार? त्याला माजी हिंदी कळायची न्हाई." तो हसला. "पहिल्या सीझनला बी मी हेच करायचो की सर. तवा कुठं जिंकलो आपन?"

याचा मी विचारच केला नव्हता. नेवाशाहून निघताना माझ्या डोक्यात सगळी मांडणी तयार होती, ती तिथेच अडखळली. मग जे बोलायला आलो होतो ते तरी बोलून टाकावं म्हणून मी म्हटलं, "तुझं नाव मी दिलं होतं. काढायचं कुणाला ते मला विचारलं होतं."

"म्हाईत हाय मला. मॅनेजरनी तवाच सांगितलं."

"मग बोलला नाहीस काही?"

"काय बोलायचं? तुमाला तसं वाटलं, तुमी दिलं."

त्याची बायको गल्ल्यावरून म्हणाली, "आठ दिस नीट जेवले न्हाईत हे."

"काय तरी काय सांगती," तो म्हणाला. "पोट बिघडलं हुतं माजं."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी चहा पीत राहिलो. तो रागावला होता का, आता आहे का, मला काही उमगत नव्हतं. एक गिऱ्हाईक आलं, काष्टीकरानं दोन पोती उचलून त्याच्या गाडीवर टाकली, परत येऊन माझ्याशेजारी बसला आणि म्हणाला, "खरं सांगू का सर? मला वाटायचं त्या वर्षी आपन तुमच्यामुळं जिंकलो."

"माझ्यामुळे?"

"तुमचा आवाज गेल्ता की."

मी विसरलोच होतो. दुसऱ्या हंगामाच्या आधी माझा घसा बसला होता. नगरच्या डॉक्टरांनी स्वरयंत्रावर गाठी आल्यात म्हणून चार महिने मोठ्यानं बोलायचं नाही असं बजावलं होतं. तो सगळा हंगाम मी रेषेवरून नुसते हातवारे केले, फार तर कागदावर लिहून दाखवलं.

"आदी तुमी वरडायचा तर पोरं तुमच्याकडं बघायची न्हाईत," तो म्हणाला. "आवाज गेला तवा बघायला लागली. सारखी बघायची, सर काय खुनावत्यात म्हनून. आनि बघता बघता एकमेकांकडं बी बघायला लागली. तिसऱ्या सीझनला तुमचा आवाज परत आला आसंल."

आला होता. डॉक्टरांनी परवानगी दिली त्या दिवशी हिनं शिरा केला होता.

परतीच्या एसटीत मी खिडकीशी बसलो होतो. दोन्ही बाजूंना ऊस होता. सव्वीस वर्षं मी मुलांवर ओरडलो, आणि त्यातले बरेच जण चांगले खेळलेही. मग ते ओरडण्यामुळे खेळले, की ओरडणं असूनही खेळले? काष्टीकर खरं बोलत होता, की मास्तर एवढ्या लांबून आलेत, रिकाम्या हातानं कसं पाठवायचं, म्हणून बोलला? तो तसा माणूस आहे. ही शंका आली आणि मग ती जाईना.

दोन दिवसांनी मी हेड कोचना फोन लावला. ते आता दक्षिणेतल्या एका संघाकडे आहेत. मी त्यांना घशाचं सांगितलं, काष्टीकराचं सांगितलं. ते म्हणाले की मास्टरजी, त्या वर्षी दोन मोठ्या संघांचे मुख्य खेळाडू दुखापतीमुळे बाहेर होते आणि त्या दोघांशी आपले सामने नेमके त्याच काळात आले. आपण आदल्या वर्षी होतो तेवढेच चांगले होतो. कदाचित थोडे कमीच. "तुम्हाला हे तेव्हा माहीत होतं?" मी विचारलं. ते म्हणाले, "थोडं थोडं. पण जिंकत असताना असलं कोण बोलतं?" आणि हसले. मी हिला ते सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे मिरवणूक उगाचच काढली म्हणायची." तिला हसू येत होतं, मला येत नव्हतं.

सध्या मी शाळेच्या मैदानावर संध्याकाळी मुलींना शिकवतो. रिंग आता मापाची आहे. गेल्या महिन्यात तालुक्याच्या सामन्यात मध्यंतराला आमच्या मुली आठ गुणांनी मागे होत्या. त्या धापा टाकत माझ्याभोवती गोळा झाल्या आणि सगळ्या माझ्या तोंडाकडे बघायला लागल्या. माझ्याजवळ सांगण्यासारख्या दोन-तीन गोष्टी होत्या. कोणती सांगावी, मोठ्यानं सांगावी की हळू, की सांगूच नये, यात वेळ गेला. पंचांनी शिट्टी मारली. मी एकीला म्हटलं, "केस बांध नीट," आणि त्या आत गेल्या.

आम्ही दोन गुणांनी हरलो. परत येताना मुली टेम्पोच्या मागे बसून मोठमोठ्यानं गाणी म्हणत होत्या. ड्रायव्हरनं मला विचारलं, "जिंकल्या व्हय सर?"

"नाही. हरल्या."

"मंग एवढ्या खूश कशानं?"

मी मागच्या काचेतून पाहिलं. दोघी-तिघी उभ्या राहून टपाला धरून डोलत होत्या. मी त्याला म्हटलं, "विचारतो त्यांना," आणि टेम्पो थांबायची वाट पाहत बसलो.